सहीसकट शंभर वाक्यं

मॅडमनी फळ्यावर पाच वाक्यं लिहिली होती. पाचही मला अजून पाठ आहेत. पहिल्यात पक्षी उडतात. दुसऱ्यात एक मुलगी आनंदी आहे. तिसऱ्यात एक मुलगा चेंडू मारतो. चौथ्यात कुणीतरी एका मुलीला पुस्तक देतं. पाचव्यात लोक एका माणसाला पुढारी निवडतात. मॅडम म्हणाल्या, इंग्रजीतलं कुठलंही वाक्य घ्या, शेवटी ते या पाचांपैकी एका नमुन्यात बसतं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली पट्टीनं दोन रेघा ओढल्या. फार हलकं वाटलं त्या दिवशी. एवढी मोठी भाषा, आणि तिच्यात करायच्या गोष्टी फक्त पाच. वाटलं, एवढं आपल्याला जमेल.

मी जालन्याजवळच्या गावात बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आबा, म्हणजे माझे वडील, आधी जालन्यात सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होते. तो कारखाना सुटल्यावर त्यांच्या ओळखीचा एक फोरमन त्यांना आणि आणखी पाच जणांना चेन्नईच्या पुढे गुम्मिडिपूंडीला घेऊन आला, तिथल्या भट्टीवर. मी बारावी झाले तेव्हा आबांनी कुठूनसं ऐकलं होतं की मद्रासकडची इंग्रजी पक्की असते. म्हणून मला इथे आणून बी. ए. इंग्रजीला घातलं. सहा पुरुषांच्या खोलीत मला ठेवता येत नव्हतं, तेव्हा चेन्नईतच, तिरुवल्लिकेणीत एका म्हाताऱ्या मराठी जोडप्याकडे माझी सोय केली. मद्रासची इंग्रजी किती पक्की असते हे मला पुढे कळलं. ती इतकी पक्की आहे की आत शिरायला फटच सापडत नाही.

पहिल्या सत्रात माझे अंतर्गत गुण कमी पडले. विभागप्रमुखांनी मला आणि आबांना बोलावून घेतलं. आबांना तमिळ येत नव्हती आणि प्रमुखांना हिंदी येत नव्हती, त्यामुळे मी किती कच्ची आहे हे आबांना मराठीत समजावून सांगायचं काम माझ्याकडेच आलं. मी ते प्रामाणिकपणे केलं. या वेळचा प्रोजेक्ट नापास झाला तर परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष जाईल, हेही मीच सांगितलं. आबा खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, "वर्ष गेलं तर मंग गावाकडं चल, माय. हितं एकटी ठिवून काय करायचं." आत्यानं तर जालन्यात शिवणाच्या क्लासची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. आत्या फार तत्पर आहे.

प्रोजेक्ट असा होता. चेन्नईत रोजच्या व्यवहारात लोक खरोखर जी इंग्रजी बोलतात किंवा लिहितात, तिची शंभर वाक्यं गोळा करायची आणि प्रत्येक वाक्य पाचांपैकी कुठल्या नमुन्याचं आहे ते लिहायचं. प्रत्येक नमुन्याचं निदान एक तरी वाक्य हवंच. आदल्या वर्षी मुलांनी सगळी वाक्यं नेटवरून उतरवली होती, म्हणून मॅडमनी या वेळी फॉर्म छापून दिला होता. वाक्य, नमुना, ठिकाण, बोलणारी व्यक्ती, आणि शेवटच्या रकान्यात त्या व्यक्तीची सही. सही नसेल तर वाक्य बाद.

माझ्या बाकावरची मैत्रीण फॉर्म बघून हसली. ती इथलीच. तिनं एका रिकाम्या तासाला चार रंगांची पेनं घेऊन साठ वाक्यं आणि साठ सह्या पूर्ण केल्या, उरलेल्या चाळीस घरी बहिणीकडून करून घेतल्या. मी म्हटलं, मी खरी वाक्यं आणणार आहे. ती म्हणाली, "यू आर टू सिन्सिअर, डी." 'डी' म्हणजे 'गं'. मला ते वाक्य फार आवडलं. दुसरा नमुना, अगदी स्वच्छ. मी फॉर्म पुढे केला. तिनं आनंदानं सही केली, पण 'डी' खोडून. म्हणाली, मॅडम वाचतील.

तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

सुरुवात मी आमच्या गल्लीतल्या पोस्टापासून केली. खिडकीवरचे गृहस्थ समोरच्या म्हाताऱ्याला म्हणाले, "सिस्टम डाऊन. गो अँड कम." मी पुढे होऊन फॉर्म सरकवला आणि हे वाक्य माझ्या अभ्यासासाठी हवंय, सही द्याल का, असं विचारलं. त्यांनी चष्मा घातला. फॉर्म दोन्ही बाजूंनी पाहिला. कुठलं कॉलेज, कशासाठी, कुणाकडे जाणार, सगळं विचारलं. मग मी लिहिलेलं वाक्य त्यांनी पट्टी लावून खोडलं आणि वर सुंदर अक्षरात लिहिलं की प्रणालीची नियमित देखभाल चालू असून झालेल्या गैरसोयीबद्दल खेद व्यक्त करण्यात येत आहे. खाली सही केली, आणि मी मागितला नव्हता तरी गोल शिक्का मारला.

मी चाचरत म्हटलं, "सर, पण तुम्ही असं म्हणाला नाहीत."

"म्हणालो असतो," ते म्हणाले, "वेळ असता तर."

बसमधल्या कंडक्टरचंही तेच. तो रोज ओरडायचा, "गो इनसाइड, होल बस इज एम्प्टी," आणि आम्ही चाळीस जण त्या रिकाम्या बसमध्ये एका पायावर उभे असायचो. त्याला सही मागितली तर त्यानं माझ्याकडे तक्रार अर्ज आल्यासारखं पाहिलं. मग खिडकीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. विनातिकीट प्रवास दंडनीय आहे. "टेक दॅट," म्हणाला. "गव्हर्नमेंट इंग्लिश." त्या पाटीखाली सही करायला मात्र तो तयार झाला. पाटी त्यानं लिहिली नव्हती, म्हणूनच बहुतेक.

नुंगंबाक्कमला एका ऑफिसात मी ओळखपत्रावरचा पत्ता बदलायला गेले होते. काउंटरवरची मुलगी माझ्याच वयाची, केसांत मोगरा, बोलायला गोड. मला म्हणाली, "आय डोन्ट नो, मा, यू आस्क दॅट सर." किती जिवंत वाक्य. तीही सही करताना थबकली. इकडेतिकडे पाहिलं आणि लिहिलं की कृपया संबंधित विभागाशी संपर्क साधावा. तो संबंधित विभाग कुठे आहे, असं मी तिला विचारलं. ती हळूच म्हणाली, "आय ओन्ली, मा."

असं करत करत माझ्याकडे पन्नासेक वाक्यं झाली. रोज संध्याकाळी मी ती मांडून बसायची आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. माझ्या बुद्धीप्रमाणे मी त्यावर विचार केला. हीच माणसं बोलताना जातात, येतात, ओरडतात, माहीत नाही म्हणतात. पण हातात पेन घेतलं की माणूस वाक्यातून उठून निघून जातो. मागे नुसतं काम उरतं. खेद व्यक्त केला जातो, विचार केला जातो, कार्यवाही केली जाते. कोण करतं ते कुणालाच ठाऊक नसतं. एखाद्या घरात चूल पेटलेली आहे, भात शिजतो आहे आणि घरात माणूसच नाही, तसं. मॅडमना मात्र ती वाक्यं पसंत होती. मधल्या तपासणीत त्यांनी पोस्टाच्या शिक्क्याशेजारी 'गुड' असं लिहिलं.

उरलेल्या बहुतेक वाक्यांची सोय घरातच झाली. मी ज्यांच्याकडे राहायची ते मामा केंद्र सरकारच्या एका कचेरीत छत्तीस वर्षं कारकून होते. त्यांचे पूर्वज तंजावरचे. त्यांची मराठी जुनी, ताठ, आणि मध्ये मध्ये तमिळ टेकू दिलेली. माझी मराठी त्यांना घाईची वाटायची. मला त्यांची मराठी पोथीतून उठून आल्यासारखी वाटायची. मी प्रोजेक्टचं सांगताच त्यांनी शर्ट बदलला, आरामखुर्चीत बसले आणि एका दुपारी चाळीस वाक्यं सांगितली. एकदाही थांबले नाहीत. प्रत्येक सहीखाली तारीख, आणि तारखेखाली 'सेवानिवृत्त'.

"मामा, ही वाक्यं तुम्ही खरंच बोललात का?"

"बोलणे कशास? छत्तीस वर्षे लिहिली. लिही पुढे. द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन."

"म्हणजे विचार चालू आहे."

"म्हणजे फाइल कोठे आहे ते ठाऊक नाही. सरि, पुढले."

'सरि' म्हणजे 'बरं'. दिवसातून शंभरदा म्हणायचे.

नव्व्याण्णव झाली तेव्हा लक्षात आलं की त्यात चौथा नमुना एकही नाही. कुणीतरी कुणालातरी काहीतरी देतं, एवढंच हवं होतं. पाचवा सोपा गेला, कारण इथल्या भिंतीभिंतीवर लोकांनी कुणा ना कुणाला पुढारी केलेलंच असतं. एका पक्षाच्या कार्यालयात मला सहीबरोबर शाल मिळता मिळता राहिली. पण देणारं माणूस सापडेना. मागणारे ढिगानं होते. रिक्षावाला, भाजीवाली, कॉलेजचा शिपाई, सगळे 'गिव्ह मी' म्हणायचे. मी असं एक वाक्य नेलं तर मॅडम म्हणाल्या, आज्ञा नको, त्यात कर्ता दिसत नाही. देणारा दिसला पाहिजे.

मामांकडे एकदा जवळजवळ मिळालं होतं. जुन्या कचेरीची गोष्ट सांगताना ते म्हणाले, "आय गेव्ह दॅट फेलो अ मेमो." मी ओरडलेच जवळजवळ. फॉर्म पुढे केला. मामांनी पेन उघडलं, थांबले, आणि लिहिलं, अ मेमो वॉज इश्यूड.

"मामा, 'मी दिला' असंच राहू द्या ना."

"तसे लिहू नये. मी कोण देणार? ऑफिस देते."

आतून मामी म्हणाल्या, "त्यांस काय विचारतेस, पोरी? चाळीस वर्षांत ह्यांनी मज इंग्लिशांत काही दिले नाही. मराठींतही नाही."

"उपमा दे," मामा म्हणाले.

"इज बीइंग प्रिपेअर्ड," मामी म्हणाल्या.

फॉर्म द्यायला आठ दिवस राहिले होते. त्या रविवारी मी गाडीनं गुम्मिडिपूंडीला गेले. महिन्यातून एकदा जायचीच मी, आबांचे कपडे नीट करून द्यायला आणि गावाकडचं बोलायला. त्या वेळी मनात शिवणाचा क्लासच घोळत होता. आबांना काही सांगितलं नाही. चहा प्यायला ते मला कारखान्याच्या फाटकासमोरच्या टपरीवर घेऊन गेले. तिथे त्यांच्या पाळीचे तमिळ सुपरवायझर आले. आबा बाकावरून उठले. नेहमी ते त्यांच्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत बोलतात. त्या दिवशी मी शेजारी होते म्हणून असेल, त्यांनी सदरा खाली ओढला, माझ्याकडे हात केला आणि म्हणाले,

"सर. माय डॉटर. आय गिव्ह हर कॉलेज."

सुपरवायझर म्हणाले, "व्हेरी गुड, व्हेरी गुड," आणि बन घेऊन गेले.

मी ग्लास खाली ठेवला. देणारा होता. जिला द्यायचं ती होती. दिलेली वस्तूही होती. सगळं आपापल्या जागी. सगळ्या चेन्नईत वणवण करून जे मिळालं नाही ते आबांनी चहाच्या टपरीवर सहज म्हटलं होतं, आणि आता बिस्किट चहात बुडवत होते.

खोलीवर आल्यावर मी फॉर्म काढला. खोलीत जालन्याकडचे बाकीचे पाच काका होते, कुणी आडवं झालेलं, कुणी कांदा चिरत बसलेलं. मी वाक्य लिहिलं आणि आबांपुढे पेन धरलं. कांदा चिरायचा थांबला.

मी विसरलेच होते. त्या खोलीचा एक नियम होता. इंग्रजी कागदावर सही करायची नाही. जालन्याच्या जुन्या कारखान्यात एकदा सगळ्यांकडून एका इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या होत्या. गणवेशाची मापं आहेत म्हणून सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात कळलं की त्या सगळ्यांनी राजीखुशीनं काम सोडलं होतं. गणवेश आलेच नाहीत. तेव्हापासून या सहा जणांनी कुरियर घेतानासुद्धा आधी फोनवर फोटो पाठवून मला कागद वाचायला लावला आहे.

"कशाची सही घ्यायलीस?" कांदा चिरणाऱ्या काकांनी विचारलं.

"अभ्यासाची. आबा जे बोलले तेच लिहिलंय."

"आमी बी जे बोललो तेच लिवलंय म्हणले हुते."

दुसरे काका उठून बसले. "उद्या पोरगी नापास झाली तर कॉलेज म्हणंल, सही तुमचीच हाय. तुमीच दिलंय कॉलेज. मंग जबाबदार कोण?"

"तुमचं तोंड जरा गप ठिवा," आबा म्हणाले. "मराठीत वाचून दाखव, माय."

मी वाचलं, "मी तिला कॉलेज देतो."

आबांनी कागद हातात घेतला. मला एव्हाना सवय झाली होती. आता ते पेन घेतील, खोडतील आणि काहीतरी थोर लिहायला सांगतील. मीच म्हटलं, "आबा, पाहिजे तर जरा नीट करून लिहू का?"

"असंच म्हणलो का मी?"

"हो."

"मंग नीट कशाला करायचं? दुसरं लिवायचं तर दुसऱ्याची सही घे."

नव्व्याण्णव सह्या घेतल्या, पण हे कुणीच म्हणालं नव्हतं. तरी सहीला ते लगेच तयार झाले नाहीत. इंग्रजीच्या शेजारी मला तेच मराठीत लिहायला लावलं. मग त्या मराठीखाली, इंग्रजीपासून चांगलं चार बोटं लांब, त्यांनी सावकाश लिहिलं, 'वाचून दाखवले, समजले, मान्य.' आणि सही केली. पाचही काकांनी ती आळीपाळीनं पाहिली. कांदावाले काका म्हणाले, "कागद परत आण म्हणावं. सहीचा कागद लोकाच्या घरी ठिवू नये."

मी वेळेत फाइल दिली. चार दिवसांनी मॅडमनी ती परत केली. नव्व्याण्णव वाक्यांवर बरोबरच्या खुणा होत्या. शंभराव्याभोवती लाल गोल होता आणि शेजारी लिहिलं होतं की हे प्रमाण इंग्रजी नाही. कॉलेज ही द्यायची वस्तू नव्हे. खाली त्यांनी दुरुस्त वाक्यही दिलं होतं. आय अॅम प्रोव्हायडिंग माय डॉटर विथ हायर एज्युकेशन. गंमत म्हणजे ते चौथ्या नमुन्याचं राहिलंच नव्हतं, पण हे मॅडमना सांगायचं धाडस मला झालं नाही. दुरुस्त वाक्यावर सोमवारपर्यंत नवी सही आणायची होती. नाहीतर फाइल अपुरी.

मी आबांना फोन लावला आणि मराठीत वाचून दाखवलं, "मी माझ्या मुलीस उच्च शिक्षण उपलब्ध करून देत आहे."

"कोण म्हणलं हे?"

"तुम्ही, आबा. म्हणजे, तुम्ही म्हणालात असं."

"मी? कवा?"

मागून भट्टीवरच्या पंख्याचा आवाज येत होता.

"म्या असं म्हणलोच न्हाई. न्हाई म्हणलेल्यावर सही कशी करू?"

"आबा, सही नाही झाली तर वर्ष जाईल."

आबा फोन घेऊन पंख्यापासून लांब गेले. मग ते म्हणाले, "वर्ष जाऊ दे असं न्हाई म्हणत मी. पण मॅडमला एकदा इचारून बघ, माझी सही पायजे का त्यांची."

मैत्रिणीला कळलं तेव्हा तिनं दप्तरातून निळं पेन काढलं. "फादर सिग्नेचर? टू मिनिट्स." तिची काही चूक नव्हती, ती मनापासून मदत करत होती. आणि खरं सांगायचं तर शनिवारी दुपारी मी स्वतःच वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर आबांची सही करून पाहिली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ती मी दहा-बारा वर्षं पाहत आले होते. दुसऱ्या खेपेला हुबेहूब जमली. इतकी सहज जमली की मला स्वतःचीच भीती वाटली. मामांनी खुर्चीतून पाहिलं. तो कोपरा त्यांनी फाडून घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. नंतर एवढंच म्हणाले, "सोमवारी कडक इस्त्रीचे घाल."

सोमवारी मी इस्त्रीचा ड्रेस घालून स्टाफरूममध्ये गेले. कॉलेजात तपासणी समिती येणार होती, मॅडमच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. मी काय बोलायचं ते इंग्रजीत लिहून पाठ केलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य विसरले.

"मॅडम, माय फादर नॉट सायनिंग," मी म्हटलं.

"व्हाय?"

"ही डिड नॉट से दॅट, मॅडम. ही सेड ओन्ली फर्स्ट वन."

मॅडम म्हणाल्या, पण ते चूक आहे. मी हो म्हटलं. मग माझ्या तोंडून जे निघालं ते पाठ केलेल्यात नव्हतं. मी सांगितलं की बाकीची नव्व्याण्णव वाक्यं कुणीच बोललेलं नाही. पोस्टातले साहेब 'गो अँड कम' म्हणाले होते. ती नुंगंबाक्कमची मुलगी म्हणाली होती की तिला माहीत नाही. सही करताना सगळ्यांनी आपली वाक्यं बदलली आणि मी बदलू दिली, कारण मला सह्या हव्या होत्या. आपण बोललो तेच ज्यानं सही करून दिलं असा एकच माणूस मला सापडला. खरी वाक्यं हवी असतील तर माझ्याकडे एकच आहे.

बोलून झाल्यावर कळलं की मी आत्ता एक वाक्य वाचवायला नव्व्याण्णव वाक्यं बुडवली. मैत्रीण दारात उभी होती, तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"सो नाइन्टी-नाइन आर फॉल्स," मॅडम म्हणाल्या.

"नॉट फॉल्स, मॅडम. इम्प्रूव्ह्ड."

मॅडमनी फाइल उघडली. पोस्टाचा गोल शिक्का पाहिला. मामांच्या चाळीस सह्या आणि चाळीस वेळा 'सेवानिवृत्त' पाहिलं. मग शेजारच्या ढिगातून दुसऱ्या दोन फायली ओढून माझ्या फायलीशेजारी ठेवल्या. त्यांत रिक्षावाल्याची, डॉक्टरांची आणि देवळातल्या पुजाऱ्याची सही एकाच हिरव्या शाईत, एकाच वळणाची होती. त्यावर भरपूर गुण होते. मॅडम ते बघत राहिल्या. मी काय बघतेय हे त्यांनाही दिसत होतं. दारातली मैत्रीण हळूच नाहीशी झाली.

शेवटी त्यांनी माझ्या शंभराव्या पानावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय त्यांनी? ही तुमची भाषा?"

मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. वाचून दाखवलं, कळलं, मान्य आहे.

मॅडमनी लाल गोल तसाच ठेवला. तो आता पुसता येणार नव्हता. त्यांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आय विल गिव्ह यू पास मार्क्स. नॉट मोर."

माझा हात पिशवीकडे गेला. एक कोरा फॉर्म शिल्लक होता. पण मला आता अनुभव होता. सही मागितली असती तर त्यांनी लिहिलं असतं की उत्तीर्ण होण्यापुरते गुण देण्याबाबत विचार केला जाईल. मी थँक यू म्हटलं आणि लगेच बाहेर पडले.

जिन्यातूनच आबांना फोन केला. पास झाले म्हणून सांगितलं. परीक्षेला बसता येईल, वर्ष गेलं नाही.

"मंग माझा कागद दिला का परत?"

"नाही, आबा. तो फायलीत राहणार. तपासणीवाले बघणार आहेत, मग कॉलेज ठेवून घेणार."

"किती वर्सं?"

मला ते माहीत नव्हतं. मामांना विचारून सांगते म्हटलं. पलीकडे आबा कुणाला तरी ते सांगत होते, बहुतेक कांदावाल्या काकांना, आणि काका, मी म्हणलो नव्हतो का, असं म्हणत होते. मग आबा परत फोनवर आले. आवाज जरा काळजीचाच होता.

"सही हाय म्हणल्यावर आता इलाज न्हाई," ते म्हणाले. "आता द्यावंच लागतंय तुला कॉलेज. आत्याला सांगतो, क्लासचं ऱ्हाऊ दे म्हणून."